शेवटच्या वाफ्याचे पाणी

शेतकऱ्याला पाण्याची गोष्ट सांगायला नको. विहिरीवर मोटर सुरू झाली की पाटाला पाणी येते. पाट भरून वाहतो. पण शेवटचा वाफा भिजेलच, असे कोणी छातीवर हात ठेवून सांगेल का? वाटेत उंदराचे बीळ असते. कुठे बांध खचलेला असतो. कुठे कुणी हळूच पाट फोडून पाणी आपल्याकडे वळवलेले असते. म्हणून एक माणूस फावडे घेऊन पाटाच्या कडेने फिरत राहतो. यालाच आपण दारे धरणे म्हणतो. रात्री वीज आली तर रात्रीही दारे धरावी लागतात.

सरकारचा पैसाही असाच पाटाने येतो. दिल्लीहून मुंबईला, मुंबईहून जिल्ह्याला, जिल्ह्याहून तालुक्याला आणि मग गावाला. या पाटाच्या अगदी टोकाला एक वाफा आहे. अंगणवाडीतली लहान मुले तिथे आहेत. बाप नसलेले पोर तिथे आहे. पोटुशी बाई आहे. मजुरीवर घर चालवणारी विधवा आहे. या वाफ्याला पाणी पोचले नाही तर आवाज होत नाही. रस्ता खचला तर गाव ओरडते. मूल खंगले तर ते ओरडत नाही. ते कोपऱ्यात गप्प बसून राहते.

या धड्यात आपण त्या शेवटच्या वाफ्याच्या पाण्याचा हिशेब शिकू.

वजनकाट्याची गोष्ट

काही वर्षांमागची गोष्ट आहे. एका गावी आम्ही रात्रीचा साक्षरता वर्ग घेत होतो. वर्गाला एक मावशी येत. वय पंचावन्नच्या पुढे. त्यांचा मुलगा अपघातात गेला होता. सून दुसऱ्याच्या रानात मजुरीला जाई. घरात तीन वर्षांचा नातू होता. मावशी दिवसभर नातवाला सांभाळीत आणि रात्री त्याला मांडीवर घेऊन अक्षरे गिरवीत.

एके रात्री मावशी म्हणाल्या, "गुरुजी, पोराचा करदोडा सैल व्हाया लागलाय. आधी कमरंला बसत हुता, आता खाली घसरतोय."

दुसऱ्या दिवशी आम्ही अंगणवाडीच्या सेविकाबाईंना विचारले. त्या बिचाऱ्या म्हणाल्या, "काय सांगू? वजनकाटा चार महिने बंद पडलाय. वर कळवलंय. मी नुसत्या डोळ्यांनी अंदाज करते. पण रोज डोळ्यांपुढं असलेलं मूल वाळलेलं कळत नाही हो."

मुलाला उपकेंद्रात नेले. नर्सबाईंनी वजन केले. अंगणवाडीत प्रत्येक मुलाच्या वाढीचा तक्ता असतो. वय आणि वजन पाहून त्यावर ठिपका द्यायचा असतो. ठिपका हिरव्या पट्ट्यात पडला तर मूल चांगले. मावशींच्या नातवाचा ठिपका हिरव्यातून निघून पिवळ्या पट्ट्यात खाली गेला होता. नर्सबाई म्हणाल्या, "आणखी दोन महिने असेच गेले असते तर पोराला दवाखान्यात ठेवायची पाळी आली असती."

वजनकाटा काही हजार रुपयांत येतो. मग पंचायतीजवळ तेवढेही पैसे नव्हते का?

पुढच्याच आठवड्यात २६ जानेवारीची ग्रामसभा होती. आम्हीही एका बाजूला बसलो होतो. ग्रामसेवक कागद वाचत होते. (या पदाला महाराष्ट्रात आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात.) वाचणे मोठे घाईचे चालले होते. दिवाबत्ती, मंजूर. गटार, मंजूर. महिला व बालकल्याण, मंजूर. गावची कमान, मंजूर.

मावशी उठल्या. म्हणाल्या, "सायेब, जरा दमानं. त्यो कागूद मला दावता का?"

सभेत हशा पिकला. मागून कोणी म्हणाले, "मावशी, उलटा धरू नका म्हंजे झालं!"

मावशींनी कागद उजव्या बाजूने धरला. अक्षराखाली बोट ठेवून त्या वाचू लागल्या, "म-हि-ला व बा-ल-क-ल्या-ण. तर-तूद, चाळीस हजार. खर्च... खर्च सहा हजार. सायेब, मग ऱ्हायलेलं चौतीस कुठं हाईत?"

सभा गप्प झाली. सहा हजार एका कार्यक्रमाच्या मांडवाला आणि खुर्च्यांना गेले होते. उरलेले चौतीस हजार कमानीकडे वळवायचा बेत होता.

सरपंच काही वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, "मावशी, कमान म्हणजे गावाची शोभा. पाहुणा आला की आधी कमान दिसते."

एक आबा म्हणाले, "अंगणवाडी सरकारची हाय. पंचायतीनं का म्हणून खर्च करायचा?"

मावशी म्हणाल्या, "पाव्हण्याला कमान दिसती, खरं हाय. पण माझ्या नातवाचा करदोडा कुणाला दिसतोय? काट्याबिगर त्यो बाईस्नी बी दिसत न्हाई."

यावर कोणी हसले नाही. सरपंचांनी थोडा विचार केला आणि ठराव मांडला. त्या पैशातून वजनकाटा, उंची मोजायची पट्टी, पिण्याच्या पाण्याचा झाकणाचा पिंप आणि सतरंज्या घ्यायचे ठरले. कमान पुढे ढकलली.

काटा आला. गावातल्या सर्व लहान मुलांची वजने झाली. तेव्हा आणखी तीन मुले पिवळ्या पट्ट्यात निघाली. चार महिने ती कोणालाच दिसली नव्हती. त्यांतल्या एकाचे आईबाप ऊसतोडीला जायच्या तयारीत होते. गाडी निघण्याच्या आदल्या दिवशी त्या मुलाचे वजन झाले, म्हणून कळले. मावशींचा नातू वर्षभरात सावरला. तो आता शाळेत जातो.

हा पैसा कुणाचा?

आबांचा प्रश्न पुष्कळांच्या मनात असतो. "पैसा सरकारचा, आपण कोण विचारणार?" असे लोक म्हणतात.

पण सरकारजवळ पैसा येतो कुठून? आपण दुकानातून साबणाची वडी आणतो. तिच्या किमतीत कर असतो. डिझेल घेतो, त्यात कर असतो. गरिबातला गरीब माणूसही रोज काही ना काही कर भरतच असतो. त्याच्या हाती पावती पडत नाही, म्हणून त्याला ते कळत नाही. घरपट्टी आणि पाणीपट्टी तर आपण पंचायतीत जाऊनच भरतो. तेव्हा हा पैसा आपलाच आहे. तो एका हाताने आपण दिला आणि दुसऱ्या हाताने आपल्या मुलांकडे परत यायचा आहे. वाटेत तो कुठे राहिला, हे विचारणे म्हणजे भांडण नव्हे. तो घरधन्याचा हिशेब आहे.

आणि पंचायतीने खर्च का करायचा, याचेही उत्तर साधे आहे. पंचायतीने आपल्या स्वतःच्या उत्पन्नातील १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी खर्च करावी, असा महाराष्ट्रात नियम आहे. १० टक्के म्हणजे शंभर रुपयांतले दहा रुपये. जिल्हा परिषदेलाही असाच नियम आहे. ही रक्कम कोणाची मेहेरबानी नाही. ती कमानीला लावता येत नाही.

अंगणवाडी आली कुठून?

अंगणवाडी हा शब्द आज देशभर चालतो. तो आपल्या महाराष्ट्रात रुजला. ताराबाई मोडक नावाच्या मोठ्या शिक्षणतज्ज्ञ होऊन गेल्या. शहरात लहान मुलांच्या शाळा निघत होत्या, पण खेड्यातल्या गरिबाच्या मुलाला कोण शिकवणार, असा त्यांना प्रश्न पडला. १९४५ साली त्यांनी समुद्रकाठच्या बोर्डी गावी काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या जोडीला आल्या. दलित वस्तीत आणि आदिवासी पाड्यावर त्या स्वतः जात. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, असा त्यांचा विचार होता. १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. बोर्डी आणि कोसबाड ही दोन्ही गावे आज पालघर जिल्ह्यात आहेत.

पुढे सरकारनेही हे काम हाती घेतले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. आरंभी साऱ्या देशात तिचे फक्त ३३ प्रकल्प होते. हळूहळू अंगणवाड्या वाढल्या. पण वाड्या, तांडे आणि पाडे पुष्कळ ठिकाणी मागेच राहिले.

२००१ साली देशाच्या काही भागांत दुष्काळ होता. सरकारी कोठारांत मात्र धान्याची पोती साठली होती. तेव्हा अन्नाच्या हक्काचा एक खटला सर्वोच्च न्यायालयात उभा राहिला. तो वर्षानुवर्षे चालला. १३ डिसेंबर २००६ रोजी न्यायालयाने एक महत्त्वाचा हुकूम दिला. ज्या वस्तीत सहा वर्षांखालची निदान ४० मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, त्या वस्तीने मागणी केली तर तीन महिन्यांच्या आत अंगणवाडी द्यावी, असे त्यात सांगितले.

मग २०१३ साली राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा झाला. त्या कायद्याने सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलाला अंगणवाडीत मोफत आहार मिळण्याचा हक्क दिला. गरोदर बाईला आणि बाळंत झाल्यावर सहा महिने त्या आईलाही हा हक्क आहे. आहार दिला नाही तर त्याबद्दल भत्ता द्यावा, असेही कायदा सांगतो.

मंडळी, यातून एक गोष्ट ध्यानात घ्या. जे आधी दोन बायांनी आपल्या कष्टाने केले, ते पुढे सरकारची योजना झाले आणि शेवटी मुलाचा हक्क झाले. याला साठाहून अधिक वर्षे लागली. मिळवायला इतकी वर्षे लागली, ती गोष्ट राखायला आपण आळस करू नये.

एका मुलामागे पैसा किती?

आता थोडे गणित करू.

अंगणवाडीच्या आहारासाठी २०१७ साली केंद्र सरकारने दर ठरवले. साध्या मुलामागे दिवसाला ८ रुपये. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आईमागे ९ रुपये ५० पैसे. अतिशय अशक्त मुलामागे १२ रुपये. आहार वर्षातून ३०० दिवस द्यायचा. याचा निम्मा खर्च केंद्र सरकार करते आणि निम्मा आपले राज्य सरकार करते.

८ रुपये गुणिले ३०० दिवस म्हणजे एका मुलामागे वर्षाला २,४०० रुपये झाले. अंगणवाडीत ४० मुले असली तर ९६,००० रुपये झाले. एवढी रक्कम आपल्या अंगणवाडीच्या मुलांच्या तोंडी लागते. ती खरेच तोंडी लागते की वाटेत अडते, हे आपण पाहायचे आहे.

आता कोणी म्हणेल, एवढ्याशा आठ रुपयांनी काय होते? आईच्या पोटातले २७० दिवस आणि जन्मानंतरच्या दोन वर्षांचे ७३० दिवस, असे मिळून १,००० दिवस होतात. या हजार दिवसांत मुलाचा मेंदू आणि हाडे झपाट्याने वाढतात. या काळात राहिलेली उणीव पुढे भरून काढणे फार कठीण असते. पेरणीची वेळ गेली की मागून कितीही पाऊस पडो, पीक साधत नाही. २०१९ ते २०२१ या काळात देशभर कुटुंबांच्या आरोग्याची पाहणी झाली. तेव्हा महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या शंभर मुलांपैकी सुमारे ३५ मुलांची उंची वयाच्या मानाने कमी भरली. म्हणजे दर तीन मुलांत एकाहून थोडी अधिक. आपल्या आळीतली तीन मुले डोळ्यांपुढे आणा, म्हणजे हा आकडा कळेल.

पाट कुठे कुठे फुटतो?

पैसा कमी करायचा तर कोणी दवंडी पिटून करीत नाही. तो पाच वाटांनी कमी होतो.

पहिली वाट. पैसा धरलाच जात नाही. अंदाजपत्रक म्हणजे पुढच्या वर्षी किती पैसा येईल आणि तो कशावर खर्चायचा, याचा आधी लिहून ठेवलेला हिशेब. त्यात ज्या कामाचे नाव नाही, त्याला वर्षभर पैसा नाही. २०१५ साली दिल्लीच्या अंदाजपत्रकात अंगणवाडीच्या योजनेची रक्कम आदल्या वर्षाच्या जवळजवळ निम्मी धरली होती. राज्यांना मिळणारा करांचा वाटा वाढवला आहे, तेव्हा राज्यांनी भार उचलावा, असे कारण दिले होते. पण राज्ये तेवढा भार तेव्हाच्या तेव्हा कशी उचलणार? देशभर बोभाटा झाला. मग त्याच वर्षात जादा रक्कम मंजूर करून तूट पुष्कळशी भरावी लागली. लोक बोलले म्हणून हे झाले.

दुसरी वाट. पैसा धरला जातो, पण दुसरीकडे वळतो. कमानीची गोष्ट आपण वाचलीच. मांडव, हारतुरे आणि खुर्च्या यांनाही बालकल्याण म्हणता येते, कागदावर.

तिसरी वाट. पैसा पडून राहतो. सरकारी वर्ष ३१ मार्चला संपते. बहुतेक सरकारी अनुदाने तोवर खर्च झाली नाहीत तर परत जातात. मग वरचा साहेब म्हणतो, "तुम्हाला गरज नव्हती असं दिसतं." पुढच्या वर्षी रक्कम कमी होते.

चौथी वाट. पैसा उशिरा येतो. वाणी उधारीवर किती दिवस देणार? पुष्कळ ठिकाणी सेविकाबाई पदरमोड करून चूल पेटती ठेवतात. त्यांचे उपकार मानू या, पण मुलांचे जेवण कुणाच्या उपकारावर चालू नये.

पाचवी वाट फार फसवी आहे. पैसा तोच राहतो आणि महागाई वाढते. कागदावर एक पैसाही कमी झालेला नसतो. पण डाळ महागली, तेल महागले, की त्याच आठ रुपयांत ताटात कमी पडते. २०१७ साली आठ रुपयांत काय येत होते आणि आज काय येते, हे घरातल्या काकूंना विचारा. त्या पुस्तकाशिवाय सांगतील. म्हणून "रक्कम कमी केली नाही" एवढ्या उत्तरावर समाधान मानू नये. "भाव वाढले तशी रक्कम वाढली का?" असे विचारावे.

घरपट्टी आणि खिचडी

आता एक गोष्ट आपल्या स्वतःच्या अंगाची. ती कडू आहे, पण सांगितली पाहिजे.

पंचायतीचे स्वतःचे उत्पन्न म्हणजे मुख्यतः घरपट्टी आणि पाणीपट्टी. समजा, एका गावची वर्षाची वसुली ४,००,००० रुपये व्हायला हवी. तर १० टक्क्यांनी ४०,००० रुपये महिला व बालकल्याणाला मिळतील. पण निम्म्या घरांनी पट्टी थकवली, तर वसुली २,००,००० रुपये. मग बालकल्याणाला फक्त २०,०००. थकबाकी ठेवणाऱ्याला वाटते, आपण पंचायतीला टांग मारली. खरे पाहता त्याने लहान मुलांच्या सतरंजीचा आणि पाण्याच्या पिंपाचा पैसा अडवलेला असतो.

गरीब विधवेची थकबाकी वेगळी. तिला सवड द्यावी. पण ज्याच्या दारात ट्रॅक्टर उभा आहे, त्याने पट्टी थकवू नये. सभेत हिशेब मागायला उठताना आपली पावती खिशात असावी. मग आवाजाला जोर येतो.

घराला मिळणारा पैसा

अंगणवाडी झाली. पण काही घरांवर आभाळच कोसळलेले असते. बाप जातो, आई जाते, किंवा दोघांपैकी एक असाध्य दुखण्याने अंथरुणाला खिळतो. अशा वेळी मुलाला वसतिगृहात किंवा अनाथाश्रमात धाडायचा विचार घरचे करतात. पण मूल आपल्या माणसांत वाढावे, हे सर्वांत बरे. त्यासाठी महाराष्ट्र सरकारची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. तिच्यात बसणाऱ्या मुलाला १८ वर्षे पुरी होईपर्यंत दरमहा २,२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्याच्या कचेरीत करायचा असतो. बालकल्याण समिती चौकशी करून निर्णय देते.

विधवेसाठी आणि निराधार माणसासाठी १९८० सालापासून संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. तिचा अर्ज तहसील कचेरीत होतो. एखादे मूल संकटात असेल, त्याला कोणी मारहाण करीत असेल किंवा कामाला जुंपले असेल, तर १०९८ या नंबरावर फुकट फोन करता येतो.

मावशींच्या सुनेला बालसंगोपनाची माहिती नव्हती. आम्ही तिच्यासोबत कागद गोळा केले. नवऱ्याचा मृत्यूचा दाखला, मुलाचा जन्माचा दाखला, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, बँकेचे पुस्तक. तीन वेळा जिल्ह्याच्या गावी जावे लागले. तीन दिवसांची मजुरी बुडाली. शेवटी मंजुरी आली. पैसे मात्र पहिल्यांदा बऱ्याच महिन्यांनी जमा झाले. ज्या घरात रोजच्या मजुरीवर चूल पेटते, त्या घराला उशिरा आलेला पैसा म्हणजे निम्मा पैसा. हेही सभेत आणि तालुक्याला सांगायला हवे.

ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अंगणवाडीचा हक्क आपल्या गावाशी बांधलेला नाही. जिथे मूल राहते, तिथल्या अंगणवाडीत त्याचे नाव घालता येते. निघताना सेविकाबाईंना सांगून जावे.

दारे कशी धरावी?

१. ग्रामसभेला जा. वर्षातून निदान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी महिला सभा घ्यावी लागते. तिथे बायकांनी मोकळेपणी बोलावे आणि ठराव करून ग्रामसभेत आणावा.

२. वेळेवर बोला. पुढच्या वर्षाच्या गाव आराखड्याची चर्चा बहुधा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होते. मार्चमध्ये जागे होऊन उपयोग नाही. वाफा वाळल्यावर पाट दुरुस्त करून काय करणार?

३. तीन आकडे विचारा. महिला व बालकल्याणाला तरतूद किती? खर्च किती झाला? शिल्लक किती? हे तीन आकडे एका वहीत लिहून ठेवा. पुढच्या सभेला ती वही न्या.

४. डोळ्यांनी पाहा. वजनकाटा चालतो का? प्यायला पाणी आहे का? आज आहार शिजला का? किती मुलांनी खाल्ला? महिन्यातून एकदा दोन बायांनी आणि एका बाप्याने अंगणवाडीत जाऊन बसावे. सेविकाबाईंची झडती घ्यायला नव्हे, त्यांना बळ द्यायला जावे.

५. कागदावर मागा. तोंडी सांगितलेले वाऱ्यावर जाते. अर्ज लिहा, त्याची पोच घ्या. उत्तर मिळाले नाही तर २००५ सालचा माहितीचा अधिकाराचा कायदा आहे. अर्जाला १० रुपये लागतात आणि सामान्यतः ३० दिवसांत माहिती द्यावी लागते. हल्ली ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर पंचायतीचा जमाखर्चही पाहता येतो. घरातल्या शिकल्या मुलीला मोबाईलवर दाखवायला सांगा.

६. एकट्याने जाऊ नका. दहाजणांनी मिळून विचारले तर ते गावाचे म्हणणे होते. आणि ज्याने चांगले काम केले, त्याचे नावही सभेत घ्या. सरपंचांनी कमान मागे ठेवली, हे काही लहान काम नव्हते.

तुम्ही आता वाचायला शिकलात. देवळातली पाटी वाचता, एस.टी.ची पाटी वाचता. तसाच पंचायतीचा कागदही वाचा. सुरुवातीला बोट ठेवून वाचावे लागेल. लोक हसतील. मावशींनाही हसले होते. पण त्यांचे बोट "खर्च" या शब्दाखाली थांबले आणि चार मुले दिसू लागली.

अभ्यास

१. तरतूद, खर्च आणि शिल्लक या तीन शब्दांचे अर्थ आपल्या शब्दांत सांगा.

२. एका पंचायतीचे स्वतःचे उत्पन्न ६,५०,००० रुपये आहे. महिला व बालकल्याणाला किती रक्कम ठेवली पाहिजे?

३. पाट फुटण्याच्या पाच वाटा कोणत्या? तुमच्या गावात कोणती वाट दिसते?

४. "अंगणवाडी सरकारची आहे, पंचायतीने का खर्च करायचा?" असे म्हणणाऱ्या आबांना तुम्ही काय उत्तर द्याल?

५. तुमच्या अंगणवाडीत उद्या जा. वजनकाटा चालू आहे की बंद, ते पाहून वहीत एका ओळीत लिहा.